पसरलेली रेघ

गोरेगावच्या बसस्टँडवर तो माणूस उतरला, तेव्हा त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या कापडात होते.

उतरताना दांडी धरता येईना, म्हणून कंडक्टरने मागून त्याच्या शर्टाला धरून ठेवलं होतं. त्याचे पाय जमिनीला टेकले तसं कंडक्टरने त्याला खांद्यावर थोपटलं, घंटी दिली आणि बस कोहमाऱ्याच्या दिशेने निघून गेली. आधी उतरलेल्या बाया एकमेकींना ढोसत उभ्या राहिल्या. एक म्हातारी तर त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "दिसते तं चांगल्या घरचा. काय केलं असन बाप्पा?"

खुशबू गजभिये स्टुडिओच्या पायरीवर उन्हात उभी होती. २००४ सालचा जानेवारी. भारनियमनाची वेळ, त्यामुळे वीज नव्हती, आणि गिऱ्हाईकही नव्हतं. तो माणूस हात छातीशी धरून, इकडे तिकडे पाहत, नेमका तिच्याच पायरीशी आला.

"देवीदास फोटो स्टुडिओ हाच ना जी?"

"हाच. पण आधी सांगा, तुमचा पोलीस कुठं राहिला?"

"पोलीस?"

"हातात बेड्या आहेत ना..."

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं, मग त्या बायांकडे, आणि मग सगळं एकदम लक्षात येऊन तो कानापर्यंत लाल झाला.

"बेड्या नाहीत हो. फिल्म आहे. कॅमेऱ्यातून काढताना अडकली, म्हणून पिशवीत हात घातले... आता हात बाहेर काढले तर उजेड शिरेल. पिशवी मीच शिवलेली आहे, छत्रीच्या कापडाची. बाह्या सैल झाल्या."

"गोंदियापासून असेच आले?"

"कॉलेजपासून."

"अन् तिकीट?"

"कंडक्टरने खिशातून पैसे काढून घेतले. उरलेले सुटे परत खिशात घातले. फार चांगला माणूस होता." हे त्याने इतक्या मनापासून सांगितलं की खुशबूला हसू आवरेना.

त्याचं नाव संघदीप मेश्राम. मूळचा देवरीकडचा. गोंदियाच्या एका कॉलेजात तासिकांवर भौतिकशास्त्र शिकवायचा आणि कुडव्याला खोली करून राहायचा. गोंदियातल्या सगळ्या स्टुडिओंत रंगीत फिल्मची मशीनं आली होती. काळी-पांढरी फिल्म हातानं धुणारा जिल्ह्यात एकच माणूस उरला आहे, गोरेगावचे देवीदासभाऊ, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं.

"ते माझे बाबा. आज एका साखरपुड्याला, साक्षगंधाला गेले, भंडाऱ्याला."

त्याचा चेहरा असा उतरला की जणू बसमधल्या लोकांनी केलेला आरोप आता कुठे सिद्ध झाला होता.

"तोंड नका पाडू," खुशबू म्हणाली. "मी धुते. या."

* * *

डार्करूम म्हणजे मागची एवढीशी खोली. खुशबूने दार लावलं, पडदा ओढला, आणि काळोख झाला. असला काळोख की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते आपलं आपल्यालाच कळू नये.

"आमच्याकडे एक नियम आहे," तिचा आवाज आला. "अंधारात दोघं असले की बोलत राहायचं. आपण कुठं आहो, हात कुठं आहे, सगळं तोंडानं सांगायचं. नाही तर कोणीतरी ट्रे पालथा करते. बाबांनी एकदा माझ्या मामाच्या डोक्यावर हायपोचं औषध ओतलं होतं."

"बरं."

"बरं नका म्हणू. कुठं आहात ते सांगा."

"मी... भिंतीला पाठ लावून. दाराच्या उजवीकडे. नाही, डावीकडे."

"हात?"

"पिशवीतच."

"मग काढा आता."

कापडाची सळसळ झाली. तिने हात पुढे केला. आधी शर्टाचं बटण लागलं, मग मनगट, मग फिल्मची कड, आणि कडेबरोबर त्याची बोटं.

"बर्फासारखे आहेत हात."

"भीती वाटत होती. म्हणजे... फिल्मची."

"सोडा आता. फिल्म सोडा म्हणते मी."

"हो, हो. सोडली."

घड्याळ कधीचंच बंद पडलं होतं, म्हणून फिल्म औषधात असताना पाढे म्हणायचे, ही देवीदासभाऊंची पद्धत होती. सतरापासून सुरू करायचं आणि एकोणतीसला थांबायचं. तेवढ्यात फिल्म होते.

"माझं सगळं लक्ष हातांत आहे," ती म्हणाली. "तुम्ही म्हणा."

त्याने सुरुवात केली. सतराचा पाढा कोणीतरी मागे लागल्यासारखा पळत सुटला.

"हळू! घाईनं म्हटलं की फिल्म कच्ची राहते."

"सवय नाही."

"पाढ्यांची?"

"...नाही. पाढे येतात," तो म्हणाला, आणि अठराचा पाढा हळूहळू सुरू केला.

फिल्म धुऊन तिने मागच्या दारात उजेडाला धरली आणि निराश झाली. "हे काय? माणूस नाही, झाड नाही. नुसत्या रेघा!"

तो मात्र त्या ओल्या फिल्मकडे कोणी तान्ह्या लेकराकडे पाहावं तसा पाहत होता. "आल्या," तो हळूच म्हणाला. "फिकट आहेत, पण आल्या. तुमचे फार उपकार झाले."

"उपकार राहू द्या. हे आहे काय ते सांगा."

मग त्याने सांगितलं. आधी अडखळत, मग अडखळणं विसरून. कॉलेजच्या मागच्या खोलीत त्याची एक काचेची नळी आहे. नळीत थोडासा हायड्रोजन. त्यातून एकदम प्रचंड वीज सोडायची. विजेबरोबर चुंबकाचा जोर तयार होतो आणि तो जोर त्या तापलेल्या वायूला चहूबाजूंनी दाबतो. "दिवाळीतला बॉम्ब बाहेर फुटतो ना, हा उलटा. आतल्या आत कोसळतो. सेकंदाच्या लाखाव्या भागात सगळं संपतं."

"अन् हे कायले?"

"सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे कण असेच दाबले जाऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून तो पेटलेला राहतो. ते आपल्याला इथं जमलं तर पाण्यापासून वीज होईल."

"म्हणजे भारनियमन बंद?"

"बंद."

"कधी?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "बहुतेक आपण नसू तेव्हा."

"मग तुम्ही काऊन करून राहिले?"

"ज्यांना ते जमवायचं आहे त्यांना कोणीतरी नीट मोजून द्यायला पाहिजे. वायू आत किती दाबला गेला ते. आत काही घालून पाहता येत नाही, जे घालू ते वितळतं. मग राहतो फक्त त्याचा उजेड. तो घ्यायचा, रंगारंगांत फोडायचा आणि फिल्मवर उतरवायचा."

खुशबू पुन्हा फिल्म पाहू लागली. ती बी.एस्सी. झाली होती. पण पुढे आईचं आजारपण आलं, आई गेली, आणि मग हे दुकान. पुस्तकातलं शास्त्र पुस्तकात राहिलं होतं. "ही वरची रेघ किती बारीक आहे," ती म्हणाली, "अन् ही खालची जाडी, धुरासारखी. एकाच फिल्मवर अशी काऊन?"

तो बोलायचा थांबला. वर्गातल्या इतक्या मुलांना त्याने पुस्तकात अशा रेघा दाखवल्या होत्या, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

"वरची साध्या दिव्याची आहे. ती आपली मोजपट्टी. तिथं वायू निवांत असतो. खालची कोसळणाऱ्या वायूची. आत इतकी गर्दी होते की प्रत्येकाला शेजाऱ्याचे धक्के बसतात. कुणाचा रंग जरा इकडे सरकतो, कुणाचा जरा तिकडे. सगळे मिळून रेघ पसरते. जितकी पसरली, तितकी गर्दी जास्त."

"बाजारात आपण सरळ चालतो का? तसं."

"अगदी तसं," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. लगेच मान खाली घातली.

* * *

त्यानंतर तो येतच राहिला. पिशवीला आता नवीन इलॅस्टिक होतं. ते खुशबूनेच लावून दिलं होतं, आणि तो मोटारसायकलवर येत असे. पण शेजारच्या थंड पेयांच्या दुकानातल्या कुंदाबाईंना त्याची पहिली एंट्रीच आवडली होती. मोटारसायकलचा आवाज आला की त्या दुकानातूनच हाक द्यायच्या, "खुशबू, तुह्या कैदी आला वो!"

"कुंदाकाकू, ते सर आहेत."

"सर असन गोंदियात. इथं कैदीच."

तो हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचा आणि पायरीला ठेचाळायचा.

देवीदासभाऊंना तो पहिल्याच भेटीत आवडला. त्याचं कारण साधं होतं, तो त्यांना काम विचारत बसायचा. भाऊंचा हात एके काळी साऱ्या तालुक्यात नावाजलेला होता. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल आणि त्याहून बारीक पातं चालवून ते चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवायचे, डोळ्यांखालचं काळं काढायचे, हनुवटीची कड रेखीव करायचे. अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी त्यांच्या टेबलावरून पुढे गेल्या होत्या. आता ते काम कॉम्प्युटरवर होत होतं, गोंदियात. भाऊंचं टेबल खिडकीशी तसंच होतं. ते रोज पुसायचे.

"सर, तुमच्या या रेघांत मले काही समजत नाही," ते म्हणायचे. "पण फिल्म पाहिली का बरं वाटते."

आणि काळोखातलं बोलणं... त्याला तर नियमाचीच परवानगी होती.

"कुठं आहात?"

"इथंच. तुमच्या डाव्या हाताला."

"जवळ आहात का लांब?"

"तुम्ही म्हणाल तसं."

"ट्रेजवळ म्हणते मी."

"मीही ट्रेचंच म्हणतोय."

बाहेर उजेडात आल्यावर मात्र दोघांनाही एकमेकांशी बोलायला काही सुचत नसे. मग तो पिशवीतून देवरीहून आणलेली रानातली पिकलेली टेंभरं काढून टेबलावर ठेवायचा, "आईनं दिली," म्हणायचा आणि हेल्मेट उलटं घालून निघायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला त्याने सांगितलं, पायरीवर उभं राहून, किल्ली बोटात फिरवत. गुजरातेत एक मोठी संशोधन संस्था होती. तिथं असंच काम होतं, पण खरंखुरं, मोठ्या यंत्रांवर. त्यांनी मुलाखतीला बोलावलं होतं. स्वतः केलेलं एखादं मोजमाप सोबत आणा, असं सांगितलं होतं.

"वयाची अट आहे. पुढच्या वर्षी मी त्यात बसणार नाही. एक चांगली फिल्म मिळाली, रेघेची पसर नीट मोजता येईल अशी, तर... बहुतेक घेतील."

"मग आणा ना चांगली फिल्म," खुशबू म्हणाली. आवाज अगदी सहज ठेवून. आत मात्र तिला कळलं होतं, आपण जितकं काम नीट करू, तितका हा माणूस लांब जाणार.

त्याच्याजवळ एकच रोल उरला होता. त्याने त्यावर दोन दिवस खपून, वीज असेल तेव्हा तेव्हा स्फोट घेतले. शेवटच्या संध्याकाळी फिल्म तिच्याकडे आणून टाकली आणि तसाच सामान बांधायला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. नागपूरला एक दिवस थांबून मुलाखतीसाठी नवीन पँट-शर्ट घ्यायचा होता.

खुशबूने एकटीने फिल्म धुतली. एकटीनेच पाढे म्हटले. फिल्म उजेडाला धरली. रेघ अशी सुंदर पसरली होती! मधोमध गडद, आणि दोन्ही बाजूंना विरत विरत गेलेली, पाण्यात शाई सोडल्यासारखी. तिने कुडव्याला त्याच्या घरमालकांकडे फोन केला.

"आली," ती म्हणाली. "पसरली आहे."

पलीकडे हातातलं काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग, "खुशबूजी, मी... उद्या सकाळी येतो." एवढंच.

* * *

सकाळी ती न्हाऊन दुकानात आली, तर बाबा खिडकीच्या टेबलाशी बसले होते. डोळ्याला भिंग, हातात पातं. कितीतरी महिन्यांनी. चेहऱ्यावर असा आनंद होता की तिला आधी बरंच वाटलं.

"ये, पाह्य," ते म्हणाले. "सरांची फिल्म पाहिली. बाकी सगळं झकास होतं, पण एका रेघेचा पार फुफाटा झाला होता. दोन्ही बाजूनं धूर धूर. वरच्या रेघा पाह्य कशा चाकूनं कापल्यासारख्या, अन् ही अशी. मुलाखतीले घेऊन चालला पोरगा, लोक काय म्हणतीन? पहाटेपासून बसलो. आता पाह्य."

खुशबूने पाहिलं. रेघ बारीक होती. काठोकाठ रेखीव. दोन्ही बाजूंचा धूर पात्याने अलगद खरवडून काढलेला होता. इतका सफाईने की तिथं कधी काही होतं असं वाटूच नये.

"बाबा..." ती म्हणाली. "बाबा, तो धूरच तं पाहिजे होता."

देवीदासभाऊंना समजायला वेळ लागला. तिने सांगितलं तसं ते ऐकत गेले. मग त्यांनी पातं टेबलावर ठेवलं, ते असं की त्याचा आवाजही होऊ नये.

मोटारसायकल आली. "खुशबू, तुह्या—" कुंदाबाईंनी सुरुवात केली आणि तिचा चेहरा पाहून गप्प झाल्या.

संघदीप इस्त्रीच्या शर्टात होता. खुशबूने फिल्म त्याच्या हातात दिली. काही लपवावं असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. ओरखडा उठला म्हणावं, औषध खराब निघालं म्हणावं. पण हा माणूस जन्मभर उजेडाचं खरं-खोटं पाहणारा. त्याला काय सांगणार?

"बाबांनी साफ केली," ती म्हणाली. "त्यांना वाटलं, डाग आहे. तुमच्या चांगल्यासाठी केलं. चूक माझी, मी त्यांना कधी सांगितलंच नाही काय असते ते."

त्याने फिल्म उजेडाला धरली. खूप वेळ तशीच धरून ठेवली. आतल्या खुर्चीवर देवीदासभाऊ मान खाली घालून बसले होते. त्यांचे ते नावाजलेले हात मांडीवर उताणे पडले होते.

"भाऊ," संघदीप अखेर म्हणाला. "माझ्या फिल्मवर आजवर कोणी पहाटे उठून बसलेलं नाही."

"काऊन लाजवता सर. वाट लावली मी तुमची."

"नाही. एक दिवस आहे अजून. नागपूरला थांबणार होतो, तो. आज दुपारी चारला कॉलेजात वीज येते. फक्त..." तो थांबला. "फिल्म नाही. शेवटची होती."

देवीदासभाऊ उठले. बाहेर गेले आणि शेजारच्या दुकानात शिरले. तिथून कुंदाबाईंचा आवाज आला, "ते? ते तं पोरीसाठी ठेवलं होतं ना भाऊ?" आणि मग ते परत आले, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, फ्रिजमधल्या गारव्याने ओलसर झालेली फिल्मची डबी घेऊन.

"चांगल्या कंपनीची आहे. आता मिळत नाही," ते म्हणाले. "हिच्या लग्नाचा फोटो काळ्या-पांढऱ्यात काढीन म्हणून ठेवली होती. घ्या."

खुशबू आणि संघदीप, दोघांनीही एकाच वेळी मान खाली घातली.

* * *

त्या दिवशी चार वाजता कॉलेजच्या मागच्या खोलीत तिघं होते. खिडक्यांवर काळी कापडं. मधोमध ती नळी, हातभर लांबीची, आणि तिच्या बाजूला वीज साठवायचे मोठाले डबे. खुशबूने मनात काहीतरी भव्य धरलं होतं. हे तर एखाद्या पिठाच्या गिरणीच्या मागच्या खोलीसारखं होतं.

"एक हात खिशात ठेवायचा," संघदीपने बजावलं. "इथं काम करताना नेहमी. म्हणजे चुकून काही लागलं तर वीज एका हातातून छातीतून दुसऱ्या हातात जात नाही."

"माझ्या ड्रेसला खिसा नाही."

"मग..." तो अडला. "मग भिंतीशी उभ्या राहा. भाऊंचा हात धरून."

डब्यांत वीज भरू लागली. बारीक गुणगुण वाढत गेली. मग संघदीपने बटण दाबलं आणि धाडकन आवाज झाला. देवीदासभाऊ "अबब" म्हणाले, आणि त्या निमिषात खुशबूने ते पाहिलं. नळीच्या मधोमध एक गुलाबी तार पेटली आणि गेली. पुन्हा काळोख. इतक्या छोट्या गोष्टीसाठी हा माणूस वर्षानुवर्षं एक हात खिशात घालून उभा राहिला होता. तिला का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं.

वीज जाईपर्यंत ते स्फोट घेत राहिले. दर स्फोटानंतर भाऊ विचारायचे, "झाला का धूर?" आणि संघदीप म्हणायचा, "झाला असेल भाऊ. अजून थोडा घेऊ."

संध्याकाळी गोरेगावच्या डार्करूममध्ये दोघं उभी राहिली. भाऊ मुद्दाम बाहेर थांबले.

"कुठं आहात?"

"इथंच."

फिल्म औषधात उतरली. त्याने सतराचा पाढा सुरू केला. एकविसाला येऊन तो थांबला.

"रेघ चांगली आली की तुम्ही जाणार," ती म्हणाली.

"हो."

"अन् नाही आली तं?"

"तर इथंच. तासिकांवर. कुडव्याला."

काळोखात औषधाचं पाणी हलत होतं. आत्ता फिल्म बाहेर काढली तर कच्ची राहील, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. त्यालाही ठाऊक असणार. कोणीच बोलेना. या खोलीत नियम मोडण्याची ही पहिलीच वेळ होती.

"बोला ना," अखेर ती म्हणाली. "बाविसाचा."

तो म्हणू लागला. हळू. तिने इतक्या महिन्यांत सांगितलं होतं त्याहूनही हळू. एकोणतिसाचा शेवटचा आकडा येईपर्यंत तिने फिल्म औषधाबाहेर येऊ दिली नाही.

फिल्म उत्तम आली. पहिलीपेक्षाही चांगली. देवीदासभाऊंनी ती लांबूनच, हात पाठीमागे बांधून पाहिली.

* * *

तो परत आला तो गोरेगावचा बाजाराचा दिवस होता. स्टुडिओसमोर भाज्यांचे ढीग, बांगड्यांच्या हातगाड्या, लाउडस्पीकरवर उंदराच्या औषधाची जाहिरात. मोटारसायकल आत येईना, म्हणून तो लांब लावून गर्दीतून चालत आला. अंगात तोच शर्ट. इस्त्री मोडलेली.

खुशबू पायरीवर आली. "काय झालं?"

"घेतलं," तो म्हणाला.

तिला खरंच आनंद झाला, आधी. "अभिनंदन," ती म्हणाली, आणि मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "कधी जायचं?"

"पुढच्या महिन्यात. खुशबूजी, एक गोष्ट झाली तिथं."

"काय?"

"काय?" त्यालाही लाउडस्पीकरमुळे ऐकू आलं नव्हतं.

"काय झालं, म्हणते मी!"

तो एक पायरी वर आला. "तिथल्या मोठ्या साहेबांनी भिंग लावून फिल्म पाहिली. पुष्कळ वेळ. मग विचारलं, इतकी चांगली फिल्म धुतली कोणी? आजकाल हे कुणाला येत नाही. मी म्हणालो..." त्याने घसा खाकरला. "मी म्हणालो, माझ्या होणाऱ्या बायकोनं."

बाजार चालूच होता. कोणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं.

"तोंडातून निघून गेलं," तो घाईघाईने म्हणाला. "समोर पाच जण होते. त्यातला एक लिहूनही घेत होता. मग परत घेता येईना. परतीच्या गाडीत मला झोप नाही. आयुष्यात पहिल्यांदा न मोजता काही सांगितलं मी."

"मले न विचारता?"

"हाव." घाबरला की त्याच्या तोंडून देवरी बाहेर यायची.

"अन् इतके महिने त्या अंधारात बोलत होतो, तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हा फिल्म होती ना मधात."

शेजारून कुंदाबाई म्हणाल्या, "काय म्हणून राहिला वो कैदी? जरा मोठ्यानं बोल म्हणा, या भोंग्यापायी काही ऐकू येत नाही!"

आतून देवीदासभाऊ दारात आले होते. त्या दिवसापासून त्यांनी खिडकीच्या टेबलाला हात लावला नव्हता. संघदीपने त्यांना पाहिलं आणि वाकून पाया पडला.

"भाऊ, मला तुमचे आभार मानायचे आहेत."

"कशाचे? फिल्म खराब केली त्याचे?"

"त्याचेच. ती फिल्म चांगली असती तर मी ती घेऊन त्याच दुपारच्या गाडीनं गेलो असतो. काही न बोलता. मला ओळखता तुम्ही. तुम्ही ती साफ केली, म्हणून मला एक दिवस मिळाला. त्या दिवसात सगळं आहे भाऊ. नोकरीही, आणि..."

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुष्कळ दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "म्हणजे आभार मानता अन् पोरगी नेता," ते म्हणाले. "बरा आहे सर तुमचा व्यवहार. पण मले काय विचारता? तिले विचारा. धुणारी ती आहे."

संघदीप तिच्याकडे वळला.

"तिथं फिल्म धुतात का?" खुशबूने विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. "नाही," तो म्हणाला. "सगळं थेट कॉम्प्युटरवर उतरतं."

"मग मी तिथं येऊन काय करू? पोळ्या?"

"पोळ्या मला येतात." तो थांबला, विचार केला. "पण रेघा वाचायला माणूसच लागतो. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलं होतं, ही जाडी काऊन अन् ही बारीक काऊन. ते विचारायला मला कितीतरी वर्षं लागली होती. तिथं जवळच एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. मी चौकशी करून आलो. ही चौकशीही... तुम्हाला न विचारताच केली."

तिला हसू आलं. मग एकदम आईची आठवण आली, अर्धवट राहिलेल्या पुस्तकांची, त्या गुलाबी तारेची. समोर हा भित्रा, उलटं हेल्मेट घालणारा, कंडक्टरचेही उपकार मोजणारा माणूस उभा होता आणि त्याचा चेहरा तिच्या उत्तरासाठी इतका उघडा पडला होता की तिलाच त्याची दया यावी.

"मी गेले तं इथं बाबांच्या हाताशी कोण?" तिने बापाकडे पाहत विचारलं.

"अवं, मी का लेकरू आहो?" भाऊ म्हणाले. "अन् गाड्या का एकाच बाजूनं जातात? येईन तिकडं. पाहीन तरी धूर कसा मोजतात ते."

खुशबू दोन पायऱ्या उतरून त्याच्यासमोर आली. इतके महिने ओळखीचा असलेला तो हात तिने आज पहिल्यांदा उजेडात नीट, जवळून पाहिला. बोटांच्या पेरांवर औषधाचे तपकिरी डाग होते, तिच्या बोटांवर होते तसेच. भर बाजारात, कुंदाबाईंच्या देखत, तिने तो हातात घेतला. अजूनही बर्फासारखाच होता.

"तुमच्या साहेबांना काही कळवायची गरज नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते राहू द्या तसंच. दुरुस्त करण्यासारखं काही नाही त्यात."